सुनेने दिलेलं विशेषण

बाटल्यांच्या कारखान्यात माणसाला दोन नावं मिळायची, एक हजेरीपटावर आणि एक कॅन्टीनमध्ये. या गृहस्थांचं हजेरीपटावरचं नाव आता कुणाला आठवत नाही. कॅन्टीनमधलं मात्र निवृत्तीनंतर त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं. गल्लीतल्या पोरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना रिजेक्टराव म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

काम होतं औषधाच्या बाटल्या तपासायचं. पट्ट्यावरून बाटल्या एकामागून एक सरकत यायच्या, पलीकडे दुधी काचेमागे दिवे लावलेले असायचे आणि त्या उजेडात स्टुलावर बसून रिजेक्टराव खोट शोधायचे. काचेतला बुडबुडा, अंगावरची सुरकुती, मानेपाशी केसाएवढी चीर. दिसली की बाटली उचलायची आणि शेजारच्या पिंपात टाकायची. ती फुटायची आणि परत भट्टीत जायची. बाकीचे तपासनीस कधीमधी एखादी जाऊ द्यायचे, शेवटी माणसंच ती. रिजेक्टरावांनी उभ्या नोकरीत जाणूनबुजून एकही जाऊ दिली नाही. का, ते न विचारताही ऐकवायचे. चिरलेल्या बाटलीतून काचेचा कण कुणाच्या तरी पोटात जाणार, आणि ते कुणीतरी बहुतेक लहान मूल असणार. यावर वाद घालायला जागाच नव्हती, आणि म्हणूनच बहुधा कॅन्टीनमध्ये त्यांच्या टेबलावर नेहमी जागा असायची.

अडचण एवढीच की कारखाना सुटला तरी डोळे कारखान्यातच राहायचे. शेजाऱ्यांनी हौसेने नवं दार बसवलं तर हे पहिलं वाक्य बोलले ते बिजागरीबद्दल. एका सहकाऱ्याने मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवले तर म्हणाले, जावयाचा एक खांदा उतरलेला आहे, डॉक्टरला दाखवा. बिजागरी खरंच तिरकी होती आणि खांदाही खरंच उतरलेला होता. माणूस चुकीचं बोलला तर लोक सोडून देतात, बरोबर बोलला तर जन्मभर लक्षात ठेवतात.

त्यांची बायको घरी कपड्यांची दुरुस्ती करायची. विजारी आखूड करणं, चेन बदलणं, बाळंतिणीचे ब्लाऊज सैल करणं, वाळलेल्या आजोबांचे कोट आत घेणं. शिलाई मशीन खिडकीशी होतं. येता-जाता रिजेक्टराव तिथे थांबायचे, कापड उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "डावीकडे दोन दोरे खाली आहे." सुरुवातीची वर्षं ती रडली. मग रडणं परवडेना, तेव्हा तिने युक्ती काढली. काम संपलं की स्वतःच त्यांच्यापुढे धरायची. ते काही बोलले तर उसवायचं, नुसतं "हं" म्हणाले तर माल पास. त्या "हं"च्या पलीकडे कौतुकाचा शब्द त्या घरात कधी आला नाही. शेजारणी विचारायच्या, कसं गं नांदतेस या माणसाशी? ती म्हणायची, मनात काही ठेवत नाहीत हो. त्यावर एक शेजारीण म्हणाली होती की थोडं ठेवलं असतं तर बिघडलं नसतं. दोघी खूप हसल्या होत्या.

मुलाला मात्र हसू आलं नाही. त्याने नोकरी सोडून लाकडी खुर्च्या-टेबलांचं दुकान काढलं होतं. ते बुडालं. ज्या दिवशी त्याने शटर शेवटचं ओढलं त्या दिवशी संध्याकाळी बाप त्याला म्हणाला, "खोट पहिल्या दिवसापासून होती. मी दाखवली होती." हेही खरंच होतं. मुलगा त्याच वर्षी परदेशी गेला, तिकडे सुतारकामात जम बसवला, तिकडचीच एक स्पॅनिश बोलणारी मुलगी केली. फोन आईला यायचा. शेवटी "बाबा बरे आहेत ना" एवढं विचारायचा आणि उत्तराची वाट न पाहता ठेवायचा.

नात झाली तेव्हा रिजेक्टरावांनी जाहीर केलं की ते स्पॅनिश शिकणार. नात बोलायला लागली की तिच्याशी काय खाणाखुणा करायच्या का, असं त्यांचं म्हणणं. नातीपर्यंत जायची वाट मुलाच्या दारावरून जाते हे बायकोला कळत होतं, आणि त्यांनाही कळत होतं.

क्लास औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर होता. बाकीचे सगळे परदेशी निघालेले विशी-पंचविशीतले, त्यांच्यात हे म्हणजे लहान मुलांच्या पंगतीत बसलेले आजोबा. पण रिजेक्टराव शिकले. क्रियापदाच्या शेपटातली चूक त्यांना बुडबुड्यासारखी दिसायची, स्वतःची आधी आणि दुसऱ्याची लगेच नंतर. शिकवणाऱ्या बाई त्यांच्या मुलाच्या वयाच्या होत्या. एकदा त्यांनी समोरच्याचं मन राखून कसं बोलायचं याचा धडा घेतला. मित्राने भयंकर शर्ट घातलाय आणि विचारतोय कसा दिसतो, तर काय म्हणाल? रिजेक्टराव म्हणाले, "फेओ." म्हणजे घाण. वर्ग खो खो हसला. बाईंनी फळ्यावर रीत लिहून दिली. आधी एक चांगली गोष्ट सांगायची. मग "मे पारेसे के", म्हणजे मला असं वाटतं की, असं म्हणायचं. मग "किसास", म्हणजे कदाचित. आणि त्यानंतर जे सांगायचं ते, "थोडंसं" लावून. अशा रीतीने बोलणाऱ्या माणसाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात तेही त्यांनी लिहिलं. दिप्लोमातिको.

रिजेक्टरावांना हा सगळा प्रकार म्हणजे शुद्ध भेसळ वाटला. पण नियम तो नियम. यंत्राला जाळी असते तशी ही वाक्याला जाळी, ती लावल्याशिवाय चालवायचं नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि कोणताही नियम पाळावा तसा तंतोतंत पाळला. शिवाय त्या भाषेत त्यांच्याकडे टाकून बोलायला शब्दच नव्हते. बाईंनी त्यांना सुंदर, चवदार, आभारी आहे, वाईट वाटलं, कशी आहेस, असलेच शब्द शिकवले होते. तेवढ्यातच संसार भागवायचा होता.

रविवारी दुपारी सून त्यांच्याशी व्हिडिओवर बोलायला लागली, सरावासाठी. मुलगा मागून ये-जा करायचा, पण कॅमेऱ्यात यायचा नाही. सुनेने घराची भिंत पिवळी रंगवलेली दाखवली. रंग कोपऱ्यात ओघळला होता, तो रिजेक्टरावांना पहिल्या झटक्यात दिसला. ते म्हणाले, भिंत फार सुंदर आहे, खोलीत ऊन आल्यासारखं वाटतं, मला असं वाटतं की कोपऱ्यात कदाचित थोडासा अजून एक हात लागेल. सून खूश. बाळ रात्रभर रडतं म्हणाली तर ते म्हणाले, तू दमली असशील, तू चांगली आई आहेस. त्यांनी हे वाक्य आदल्या दिवशी पाठ केलं होतं. पण म्हणताना त्यांना स्वतःलाच कसंतरी झालं.

मग एकदा मुलाचा आईला फोन आला. तो इतका हसत होता की बोलता येईना. म्हणाला, आई, ही म्हणते तुझे बाबा किती दिप्लोमातिको आहेत. म्हणजे काय, तिने विचारलं. तो म्हणाला, म्हणजे जपून बोलणारा. समोरच्याला लागू नये म्हणून शब्द निवडून बोलणारा. तीही हसली. "तुझ्या वडिलांबद्दलच म्हणाली ना? दुसरं कुणी नव्हतं ना खोलीत?" हसायचं थांबून तो म्हणाला, पुढच्या रविवारी मी पण बसेन म्हणतो. या एका वाक्यासाठी ती किती वर्षं थांबली होती ते तिलाच माहीत.

संध्याकाळी तिने नवऱ्याला ते विशेषण ऐकवलं. रिजेक्टरावांचे कान लाल झाले. म्हणाले, तिला काय कळतंय. ती मशीनवर बसली होती. तोपर्यंत तिचं हृदय कमजोर झालं होतं, पाय सुजायचे, दोन शिवणी घातल्या की दम लागायचा. पण काम हातचं सोडत नव्हती.

"मला एकदा बोलून दाखवा ना तसं," ती म्हणाली. "तिच्याशी बोलता तसं."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"नाही कळलं तरी चालेल."

रिजेक्टराव खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. आधी उभ्या उभ्याच उरकावं म्हणत होते, पण बसले. आणि बोलले. ते म्हणाले की तुझे हात फार चांगले आहेत. म्हणाले की हे घर तू चालवलंस, मी नुसत्या बाटल्या पाहिल्या. म्हणाले की तू उसवायला लागलीस की मला वाईट वाटायचं, पण तोपर्यंत बोलून झालेलं असायचं. एक-दोन क्रियापदं चुकली ती त्यांनी दुरुस्त केली. तिला भीती वाटते का असं त्यांनी विचारलं, आणि मला वाटते, असंही सांगितलं. स्पॅनिशमध्ये हे सगळं बोलता येत होतं. कुणीतरी दुसराच माणूस बोलतोय आणि आपण शेजारी बसून ऐकतोय, असं त्यांना वाटत होतं.

ती हात मशीनच्या चाकावर ठेवून ऐकत होती. त्यांचं झाल्यावर म्हणाली, "काय म्हणालात?"

रिजेक्टरावांनी तोंड उघडलं. मराठीतली वाक्यं समोर होती, एकही शब्द अवघड नव्हता. पण हीच जीभ, हेच घर, हीच बाई, आणि तिच्यापुढे ते शब्द कधी वापरलेले नव्हते. त्यांना लाज वाटली. सरळ सांगायचं तर त्यांना भयंकर लाज वाटली.

"गोळ्या वेळेवर घेत जा म्हणालो."

"एवढं लांबलचक?"

"त्या भाषेत लांबच असतं सगळं."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली आणि मग चाक फिरवायला लागली. ती फसली असेल असं वाटत नाही. पण तिने पुन्हा विचारलं नाही, आणि रिजेक्टरावांनी मनाशी ठरवलं की मराठीत सांगायचंच. लगेच नाही, पण सांगायचं. रोज सकाळी चहा घेताना ते ठरवायचे आणि कप विसळेपर्यंत राहून जायचं.

त्या हिवाळ्यात तिने नातीसाठी फ्रॉक शिवायला घेतला. गिऱ्हाइकांची कामं परत पाठवली आणि एवढंच एक काम ठेवलं. एका वितीच्या बाह्या, छातीवर बारीक चुण्या. निरोगी असताना तिने तो एका दुपारी हातावेगळा केला असता. आता कितीतरी दिवस चालला होता. थोडं शिवायचं, पलंगावर पडायचं, परत उठायचं. झाला तेव्हा तिने तो हँगरला लावून खिडकीत धरला.

"कसा झालाय?"

रिजेक्टरावांना कळलं की हीच ती वेळ. आधी एक चांगली गोष्ट. चुण्या सुंदर आल्या होत्या, ते सांगायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि खिडकीतून उजेड मागून येत होता, कापड त्या उजेडात लटकत होतं.

"डावी बाही वर गेलीय," ते म्हणाले.

जित्याची खोड म्हणतात ती हीच. शब्द बाहेर पडला आणि त्यांना स्वतःचा इतका राग आला की हातातलं वर्तमानपत्र चुरगळलं. ती म्हणाली, "हो का," आणि हँगर खाली घेतला. त्यांनी घाईघाईने सांगून पाहिलं की राहू दे, एवढ्याशा पोरीला काय कळणार, पण तोपर्यंत तिने कात्री घेतली होती. बाही उसवून झाली. परत जोडायला बसली तेव्हा तिला दम लागला. सुई टोचून ठेवली आणि म्हणाली, उद्या बघते.

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात होती.

डॉक्टर तरुण होता, थकलेला होता, आणि त्याने रिजेक्टरावांना कॉरिडॉरमध्ये नेऊन सांगितलं. हृदय आता पंप करत नाही, नुसतं हलतंय. मुलाला बोलावून घ्या. आठवडाभर म्हणजे खूप झालं. मग तो जरा थांबला, कारण वॉर्डात या आजोबांनी दोन नर्सना सलाईनच्या सुईवरून सुनावलेलं त्याच्या कानावर गेलं होतं. म्हणाला, "त्यांना यातलं काही कळू देऊ नका. मुलगा येईपर्यंत धीर टिकला पाहिजे. जरा गोड बोला त्यांच्याशी, जपून."

रिजेक्टरावांनी मुलाला फोन केला. ही बातमी मुलाला त्यांनी स्वतः, मराठीत, दोन वाक्यांत सांगितली. मुलगा म्हणाला, निघतो, बाबा. परवा दुपारपर्यंत पोहोचतो.

कॉरिडॉरमधल्या बाकावर ते बराच वेळ बसून राहिले. धड्यातलं वाक्य जुळवत होते. आता किसास नको, थोडंसं नको. फक्त चांगली गोष्ट, मराठीत, तिच्या तोंडावर, आणि चेहऱ्यावर दुसरं काही दिसता कामा नये. मग उठले, तोंड धुतलं आणि आत गेले.

ती उशांना टेकून बसवलेली होती, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. डोळे उघडे होते. रिजेक्टराव पलंगाच्या कडेवर बसले, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "फ्रॉक फार सुंदर झालाय. बाही चांगली होती. मीच उगाच बोललो."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत हा माणूस तिच्यापुढे इतका घाबरलेला तिने पाहिला नव्हता, आणि खोटं बोललेला तर कधीच नाही. तिने मास्क थोडा वर उचलला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"काही नाही. बरी होशील म्हणाले. चांगली आहेस तू आता."

"बाही वर गेली होती," ती म्हणाली. "मला दिसत होतं." मग दम घेऊन म्हणाली, "म्हणजे संपलंच म्हणायचं."

जन्मभर एक खरं लपवता आलं नाही, आणि आज लपवायला गेले तर तेच आधी ओरडलं. बापड्याने मान खाली घातली. एवढी मेहनत करून, शहाण्यासारखं, प्रेमाने, त्यांनी आपल्याच तोंडाने बायकोला मरणाची बातमी दिली होती. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी यायला लागलं आणि मास्कच्या रबरी पट्टीखाली जायला लागलं. ते पुसावं हेही त्यांना लगेच सुचलं नाही.

"पोरगा येतोय?"

"परवा."

"बरं." ती थोडा वेळ छताकडे पाहत होती. "मला भीती वाटतेय हो," ती म्हणाली.

"मलाही."

हे त्यांनी मराठीत म्हटलं. तिने त्यांचा हात दाबला.

"तुम्ही असे गोड बोलायला लागलात की मला जास्त भीती वाटते," ती म्हणाली. "नेहमीसारखं बोला."

रिजेक्टरावांनी पलंगावरून नजर फिरवली. कधी नव्हे ते त्यांना खोट शोधावी लागत होती. शेवटी त्यांचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं.

"पाय उघडे टाकू नकोस," ते म्हणाले. आवाज फाटला, तो सावरून त्यांनी परत म्हटलं, "किती वेळा सांगायचं? आणि मास्क खाली घे. डॉक्टरने काय शोभेला लावलाय?"

"हं," ती म्हणाली, आणि मास्क खाली घेतला. पाय तिच्याने आत घेववेनात. ते उठले, पायांवर पांघरूण घातलं, चारी बाजूंनी खोचलं.

त्यानंतर मुलगा येईपर्यंत रिजेक्टराव तिच्यावर खेकसत राहिले. पेज अर्धीच का सोडलीस, केस विंचरून घे, कुशीवर नीट वळ, अशी हेकट आहेस म्हणूनच ही वेळ आली. शेजारच्या पलंगावरच्या बाईचे नातेवाईक एकमेकांकडे बघायला लागले. तिचा श्वास मात्र त्या आवाजात जरा बरा चालायचा. आवाज थांबला की ती डोळे उघडून बघायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सला राहवलं नाही. आजोबा, तिने भर वॉर्डात सुनावलं, किती दिवस राहिलेत त्यांचे, आता तरी दोन शब्द प्रेमाने बोला. माणसाला काही मन असतं की नाही?

रिजेक्टरावांनी मान हलवली. नर्स पुढच्या पलंगाकडे वळेपर्यंत ते गप्प राहिले. पलंगावरून तिने त्यांच्या बाहीला धरून ओढलं, म्हणून ते वाकले.

"थांबू नका," ती म्हणाली.

"उशी वाकडी करून ठेवलीस परत," ते म्हणाले, आणि तिचं डोकं एका हाताने उचलून धरत उशी सरळ करायला लागले.